गुणांची भाषा

आपल्याकडे भाषांचे दोन वर्ग आहेत. एक बोलायच्या भाषा आणि दुसऱ्या गुण मिळवायच्या भाषा. पहिल्या वर्गात आपण जन्मतःच दाखल होतो. दुसऱ्या वर्गाचा प्रवेशअर्ज आठवीत येतो. तेव्हा आपले वय तेरा वर्षांचे. त्या अर्जावर 'संपूर्ण हिंदी', 'संपूर्ण संस्कृत', 'हिंदी-संस्कृत संयुक्त' अशी नावे असतात आणि शहरातल्या काही शाळांत त्यांच्या जोडीला 'फ्रेंच' किंवा 'जर्मन' असते. मुलाला काही विचारण्याआधीच घरातील वडीलधारी मंडळी एकमेकांना विचारतात, "यातले स्कोअरिंग कुठले?"

कालिदास कुठल्या भाषेत लिहीत होता किंवा गटे कुठल्या, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडत नाही. पडू नये असे नाही. पण अकरावीच्या यादीपुढे कालिदासाचे काय चालणार!

या 'स्कोअरिंग'चा हिशेब मी स्वतः कागदावर मांडून पाहिला आहे. माझी मावसबहीण शहरात, इंग्रजी माध्यमात शिकली. तिच्या शाळेत जर्मन होते. मी तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमात. आमच्या शाळेत हिंदी-संस्कृत संयुक्त. आठवीत मी भीत भीत जर्मनचे नाव काढले, तेव्हा आमचे मुख्याध्यापक हसून म्हणाले होते, "बाळ, जर्मन शिकवायला मास्तर आणू कुठून? इथे इंग्रजीच्या मास्तरांची बदली झाली की वर्षभर जागा भरत नाही."

दहावीचा निकाल लागला. २०१० पासून आपल्याकडे 'बेस्ट फाइव्ह' आहे. त्यावरून वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ती पद्धत टिकली. सहांपैकी सर्वांत कमी गुणांचा विषय सोडायचा आणि पाचांची टक्केवारी काढायची. माझा इंग्रजी सुटला, तिचे गणित सुटले. तिसरी भाषा बाजूला ठेवली तर उरलेल्या चार विषयांत आम्हा दोघींची बेरीज तंतोतंत सारखी, ३३८. मला संयुक्तमध्ये ८६, तिला जर्मनमध्ये ९७. झाले! ती ८७ टक्क्यांवर, मी ८४.८० वर. एका नामांकित महाविद्यालयाची कला शाखेची यादी माझ्या एक टक्काभर वर थांबली. अकरा गुणांचा हा खेळ.

मावसबहिणीने कष्ट केले नाहीत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. शब्दरूपे पाठ करताना तिचे डोळे लाल झालेले मी पाहिले आहेत. प्रश्न वेगळाच आहे. दहावीचा जर्मन किंवा फ्रेंचचा पेपर नवशिक्याची परीक्षा घेतो. स्वतःची ओळख, कुटुंब, घड्याळातली वेळ, बाजारहाट, लहानसे पत्र. विभक्तिप्रत्यय बरोबर असतो किंवा चूक असतो. मधली वाट नाही. म्हणून गुण पूर्ण पडतात. आणि प्रथम भाषा मराठीच्या पेपरात? तिथे कवितेचे रसग्रहण आहे, स्वमत आहे, निबंध आहे. रसग्रहणाला पैकीच्या पैकी द्यायला परीक्षकाचा हात धजत नाही. एकीकडे अंगणातली पावले मोजायची, दुसरीकडे डोंगराची चढण, आणि दोन्हींचे शंभर गुण एकाच तागडीत टाकायचे! यादी लावणाऱ्या संगणकाला अंगण आणि डोंगर सारखेच.

भाषेचे थोडे गुण इकडचे तिकडे झाले की काय होते, हे महाराष्ट्राने एकदा पाहिलेही आहे. २०१९ च्या दहावीला भाषांचे अंतर्गत वीस गुण काढून टाकले होते. आदल्या वर्षी ८९.४१ टक्क्यांवर असलेला राज्याचा निकाल ७७.१० वर आला. पालकांचा गलका झाला, पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. एका वर्षात पोरे काही एवढी हुशार झाली नव्हती.

शाळेतली भाषा माणसाची पुढची वाट ठरवते, ही गोष्ट मात्र नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात होते तेव्हा त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते दार त्यांना बंद होते. फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, १९१२ साली बी.ए. झाले, तेही इंग्रजी आणि फारसी घेऊन. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या जिद्दीने अभ्यासले. जर्मनही शिकले आणि बॉन विद्यापीठात नाव घातले. त्यांच्यावरचा अन्याय आणि माझे अकरा गुण यांची तुलना करण्याइतकी मी वेडी नाही. तिथे माणूसपणच नाकारलेले होते. पण एक गोष्ट त्यांच्या चरित्रातून मनावर ठसते. मुलाने कोणती भाषा शिकावी हे त्याच्या ओढीवरून न ठरता त्याच्या जन्मावरून ठरले, तर ती निवड नव्हे. पूर्वी ते जातीवरून ठरे. आज ते पुष्कळदा गावावरून आणि शिकवणीच्या फीवरून ठरते.

इतरत्र काय करतात म्हणून चौकशी केली, तेव्हा एक मजेशीर गोष्ट कळली. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात पदवीच्या प्रवेशासाठी इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेचा दोन वर्षांचा अभ्यास लागतो. तीन वर्षे केला तर उत्तम, असे ते सांगतात. पण सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षे ज्याने इंग्रजीखेरीज अन्य माध्यमाच्या शाळेत नीट पार पाडली, त्याची ही अट पुरी झाली असे धरतात. म्हणजे ज्या मराठी माध्यमाने मला इथल्या यादीत अकरा पावले मागे ठेवले, तेच माध्यम तिकडे माझ्या नावावर जमा झाले असते! घरची भाषा हीही एक मिळकत आहे, हे ऐकायला सातासमुद्रापलीकडे कान लावावे लागले.

असो. दुसऱ्या यादीत मला आपल्या या महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि इथे जर्मन अगदी मुळाक्षरांपासून शिकवतात असे कळले. खरे सांगते, पहिल्या दिवशी मी वर्गात जाऊन बसले ती भाषेच्या ओढीने नव्हे. ते अकरा गुण बारावीला वसूल करायचे होते. पण महिन्याभरात भलतेच घडले. 'डेर, डी, डास' ही तीन लिंगे ऐकून इंग्रजी माध्यमाच्या मैत्रिणी कपाळावर हात मारून घेत होत्या. मुलीला 'मेडशन' म्हणायचे आणि तो शब्द नपुंसकलिंगी, हे कसे काय? मला हसू आले. आमच्या गावी "ते पोरगं कुठे गेलं?" असे रोज म्हणतात आणि पोरगं म्हणजे मुलगीही असू शकते. गौण वाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जाऊन बसते. आपले क्रियापद तर सदाचेच शेवटच्या बाकावर. ज्या मराठीने मला मागे ठेवले अशी माझी समजूत होती, तिचाच हात धरून मी पुढे चालले होते.

मावसबहिणीचे जर्मन दहावीनंतर सुटले. ९७ गुण प्रमाणपत्रावर आहेत. परवा तिला सहज जर्मनमध्ये विचारले, "कशी आहेस?" तर म्हणाली, "अगं, ते सगळं पेपरबरोबर दिलं की देऊन!" यात तिचा काय दोष? तिच्याकडून भाषा कुणी मागितलीच नव्हती, गुण मागितले होते. ते तिने चोख दिले.

याची दुसरी बाजू आपल्या प्राध्यापकांना अधिक ठाऊक आहे. अकरावीत जर्मन, फ्रेंच किंवा माहिती तंत्रज्ञान घेतले की मराठी सुटते. मराठीच्या तासाला समोरचे बाक रिकामे राहतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळांसाठी कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन अशी नावे आहेत. मला आनंदच आहे. जेवढ्या खिडक्या तेवढा उजेड. पण खिडकी पाडण्यासाठी घराची भिंतच काढू नये. परकी भाषा मराठीच्या जोडीला यावी, तिच्या जागी नव्हे. नवशिक्याचे गुण आणि मातृभाषेचे गुण एकाच तागडीत तोलू नयेत. आणि ही खिडकी तालुक्याच्या शाळेलाही हवी, मास्तरासकट.

हे सारे माझ्या सांगण्याने होणार नाही, हे मला कळते. सुटीत गावी गेले की आठवीतली मुले भोवती जमतात. "ताई, जर्मन घेतलं की किती टक्के वाढतात?" मी त्यांना खरे तेच सांगते. "माझ्या हिशेबाने दोन टक्के आणि वर वीस शतांश." मुले खूश होतात. मग मी त्यांना 'मेडशन' नपुंसकलिंगी का, ते त्यांच्याच पोरग्यावरून समजावून सांगते. बहुतेक मुले तोवर खेळायला पळालेली असतात. गेल्या मे महिन्यात मात्र एक मुलगी तशीच बसून राहिली आणि म्हणाली, "ताई, अजून एक शब्द सांग ना."

— द्वितीय वर्ष, कला