चार मुलांची सरासरी

अमेरिकेत शैक्षणिक मूल्यमापन आणि संशोधन या विषयात पदवी घेऊन मी रत्नागिरीला परतलो आणि पहिल्याच मोठ्या कामात दोन चुका केल्या. दोन्हींचं मूळ एकच. एकीचा त्रास एका शिक्षिकेला झाला, दुसरीचा फायदा मला.

काम एका स्वयंसेवी संस्थेचं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळांत तिचा वाचन-गणिताचा उपक्रम चालायचा. पावसाळ्यात एक चाचणी, फेब्रुवारीत दुसरी, आणि मधल्या काळात मुलं किती पुढे गेली ते मी सांगायचं. प्रश्न मी काळजीपूर्वक काढले होते, तपासणाऱ्यांना नीट तयार केलं होतं. मग प्रत्येक शाळेतल्या तिसरीची सरासरी काढली, क्रमवारी लावली आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत ती पडद्यावर दाखवली. वरच्या शाळांसाठी टाळ्या झाल्या. तळाच्या शाळेतल्या बाई तिथेच बसल्या होत्या.

सगळे चहाला उठल्यावर त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "सर, आमच्या तिसरीत चार मुलं. पहिल्या चाचणीला तीनच होती. चौथा कोण, ते विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. चौथा होता हापूसच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी गुरख्याचा मुलगा. पाऊस सरला की ही कुटुंबं येतात, आंबा उतरला की परत जातात. बाईंनी बागेत जाऊन, आईबापांना समजावून त्याला शाळेत आणलं होतं. मी उत्तरपत्रिका काढून बसलो. पहिल्या चाचणीत तीन मुलांना 50, 55 आणि 60 गुण होते, सरासरी 55. फेब्रुवारीत त्याच तिघांना 60, 65 आणि 67. म्हणजे सरासरी 64, चांगली नऊ गुणांनी वाढलेली. चौथ्याला 12. तो धरला की वर्गाची सरासरी 51. माझ्या तक्त्यात ही शाळा चार गुणांनी घसरलेली होती.

त्या मुलाची उत्तरपत्रिका अजून डोळ्यांसमोर आहे. नेपाळीची लिपी देवनागरीच, त्यामुळे अक्षर न् अक्षर त्याला वाचता येत होतं. प्रत्येक प्रश्नाखालच्या रेघांवर त्याने उताऱ्यातलंच एकेक वाक्य सुबक अक्षरात उतरवून काढलं होतं, क्रमाने, शेवटच्या रेघेपर्यंत. मराठी कळायला त्याला आणखी काही महिने हवे होते. आमच्या तपासनिसाने नियमाप्रमाणे शून्यं दिली. गणितातले तेवढे 12 मिळाले.

एका मुलाने लहान वर्गाची सरासरी अशी उलटते, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही. चार मुलांची सरासरी शंभर मुलांच्या सरासरीपेक्षा पाचपट डळमळते, हे सूत्र मी परीक्षेत मांडून दाखवलं होतं. टॉमस केन आणि डग्लस स्टेगर यांचा 2002 चा निबंधही आम्ही वाचला होता. नॉर्थ कॅरोलिनातल्या शाळांच्या क्रमवारीत अगदी वर आणि अगदी खाली लहान शाळाच का जमतात, ते त्यात स्पष्ट केलेलं आहे. आमच्या वर्गात आशिया-आफ्रिकेतून आलेली मुलं होती, आपापल्या देशात जाऊन हेच काम करणार होती. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण तिथे सरावाला मिळायचे ते आकडे मोठमोठ्या शाळांचे. रत्नागिरीत डोंगर आणि खाडीमुळे वाडी वाडीपासून तुटलेली, म्हणून वाडीला शाळा. त्यात घरचा कमावता माणूस मुंबईला, मागाहून बिऱ्हाडही तिकडेच, म्हणून पट आणखी लहान. मी इथेच वाढलेला. तरी तक्ता करताना 'पट' हा रकाना मी गाळला, कारण छापताना जागा पुरत नव्हती. नंतर तो घालून पाहिला तेव्हा यादीत पहिली आलेली शाळाही पाच मुलांची निघाली. त्या टाळ्यांनाही तितकाच कमी आधार होता.

ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणारं 'असर'चं सर्वेक्षण जिल्ह्यातली 30 गावं आणि गावात 20 घरं घेतं, आणि त्यावरून जिल्ह्याविषयी बोलतं. एका शाळेविषयी, एका बाईंविषयी बोलत नाही. तेवढी मर्यादा मलाही पाळता आली असती, पण अभिमान आड आला. 1957 मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम भारतात आले, पुढे इथले अधिकारी शिकागोला त्यांच्याकडे शिकून आले आणि परीक्षा सुधारण्याचं काम देशभर सुरू झालं. आपणही त्याच वाटेवरचे, याचा मला फार अभिमान होता. त्या अभिमानापायी शाळेत पाऊल टाकण्याआधी मी निकाल लावून मोकळा झालो.

बाईंकडे तोवर लेखी खुलासा मागितला गेला होता. मी यादी मागे घेतल्याचं पत्र दिलं, पुढच्या शिक्षण परिषदेत उभं राहून चूक कुठे झाली ते सांगितलं. काहींना पटलं. बाई त्या दिवशी आल्या नव्हत्या.

दुसरी चूक कोणीच दाखवली नाही, कारण तिने सगळे खूश होते. पावसाळ्यातल्या चाचणीत सर्वांत मागे पडलेल्या शाळा निवडून संस्थेने त्यांना जादा मदत दिली. फेब्रुवारीत त्या बहुतेक वर आल्या, आणि 'उपक्रमाचा परिणाम' म्हणून मी तो आकडा अहवालात ठळक छापला. पण चाचणीच्या दिवशी वाडीत तापाची साथ असेल, पऱ्ह्याला पाणी आल्याने हुशार दोन मुलं पलीकडेच अडकली असतील, तर इतक्या लहान वर्गाचा आकडा कोसळतो आणि पुढच्या खेपेला आपोआप सावरतो, मदत मिळो न मिळो. खरा परिणाम कळायला तितक्याच मागे असलेल्या, मदत न मिळालेल्या शाळा शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. मी ठेवल्या नव्हत्या. त्या आकड्यावर संस्थेला पुढचा निधी मिळाला आणि मला पुढचं काम.

यंदा मागे पडलेल्या शाळांच्या चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्यांना या वर्षी मदत, उरलेल्यांना पुढच्या वर्षी. मदत न मिळालेल्या शाळाही वर आल्या. मिळालेल्या त्यांच्याहून थोड्याच अधिक. तो थोडा फरक हाच उपक्रमाचा परिणाम, आणि तो खरा आहे. मुलांच्या वाचनात दिसतो. जुना आकडा काढून हा छापा, असं मी संस्थेला कळवलं आहे. वार्षिक अहवाल छपाईला गेलेला नाही, उत्तर अजून आलेलं नाही.