वेष्टण

वेष्टणाला आपल्याकडे मान नाही. आंबा खाल्ला की साल उकिरड्यावर जाते, पत्र वाचलं की पाकीट केराच्या टोपलीत. दिवाळीत मिठाईचे डबे घरी आले की वरचा चकचकीत कागद कोण आधी फाडतो याचीच मुलांत शर्यत लागते. साधुसंतांनीही आतल्या गाभ्याचं कौतुक केलं आणि वरवरच्या गोष्टींना भुलू नका म्हणून बजावलं. जगाचा असा शिरस्ता असताना मी वेष्टणाची तरफदारी करायला बसलो आहे, याला कारण माझी नात.

ही नात दिवस भरण्याच्या सात आठवडे आधीच जगात आली. पहिले काही दिवस काचेच्या पेटीत काढून ती हिंगण्याला घरी आली, तेव्हा माझ्या दोन तळहातांवर मावत होती. पुढे अंगाने भरली, हसू लागली, माणसं ओळखू लागली. पण चौदावा महिना सरला तरी पाय टेकून उभी राहीना. आमच्यासारख्या गावात अशी गोष्ट घरात राहत नाही. "अजून उभी नाही राहत का हो पोरगी?" असं विचारल्याशिवाय शेजारणी विरजण मागत नसत. "आमचा नातू तर दहाव्या महिन्यात अंगणभर धावत होता," अशी पुस्तीही जोडत. सूनबाई काही बोलत नसे. फक्त रात्री सारे निजल्यावर ती पोरीचे पाय तेलाने चोळत बसे, आणि तिच्या बांगड्यांचा आवाज मला बाहेरच्या खोलीत ऐकू येई. तो आवाज रोज जरा जास्त उशिरापर्यंत येऊ लागला, तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला पाठीवर निजवलं आणि किल्लीच्या टोकाने तिच्या तळव्यावर टाचेकडून बोटांकडे हलकीशी रेघ ओढली. अंगठा वर उठला आणि बाकीची बोटं पंख्यासारखी पसरली. "आजोबा, तुमच्या तळव्यावर असं झालं असतं तर मी तुम्हाला आजच भरती करून घेतलं असतं," बाई म्हणाल्या. "हिच्या वयाला मात्र ते शोभतं." बाबिन्स्की नावाच्या पॅरिसच्या वैद्याने १८९६ साली ही खूण जगापुढे मांडली. मेंदूतून निघून पाठीच्या कण्यात उतरणारे, पायांना हुकूम पोचवणारे लांब तंतू नीट चालत नसले की अंगठा असा वर जातो. मोठ्या माणसात तो दुखण्याचा इशारा असतो. बाळात त्या तंतूंवरचं वेष्टण पुरं व्हायचं असतं, म्हणून पहिलं वर्ष-दोन वर्षं तो उठायचाच. वेळेआधी जन्मलेल्या मुलांत हे वेष्टण घडवणाऱ्या पेशी फार कोवळ्या असतात, कधीकधी त्यांना इजा होते, हेही बाईंनी लपवलं नाही. "हिचं वय भरल्या दिवसांपासून मोजा. अठराव्या महिन्यापर्यंत वाट पाहू. मग बघू."

त्या 'मग बघू'ने घरात सगळ्यांची झोप उडवली.

माझा धाकटा मुलगा, म्हणजे पोरीचा बाप, हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करतो. रात्री जेवताना त्याला सारं सांगितलं. तो घास हातात धरून क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बाबा, हे तर आमच्याच धंद्यातलं झालं. मोटार जळते तेव्हा तांबं कुठं जळते? तारेवरचं इनॅमल जळते. तांब्याला लोक भाव देतात, पण मोटार चालते ती इनॅमलवर."

त्या वाक्याने मला वाचनाला लावलं. या वेष्टणाचं नाव मायलिन. विर्खो या जर्मन पंडिताने १८५४ साली ते ठेवलं, हाडातल्या मगजासाठी ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून. गंमत अशी की आपल्या आयुर्वेदानेही त्या मगजाला मज्जा म्हटलं, आणि आपण त्या तंतूंना मज्जातंतू म्हणतो. दोन दूरच्या भाषा एकाच हाडापाशी येऊन भेटल्या!

वेष्टण सलग नसतं. मध्ये मध्ये बारीक फटी असतात; रांव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या दाखवून दिल्या. निरोप जातो तो एका फटीवरून दुसऱ्या फटीवर जणू उड्या मारत. हक्सली आणि श्टेम्पफ्ली यांनी १९४९ साली याचा पक्का पुरावा दिला. हिंगण्याहून सीताबर्डीला जाणारी बस दर थांब्यावर उभी राहते, आणि एखादी जलद गाडी मोजक्याच ठिकाणी थांबते, तसाच हा फरक. उघड्या तंतूतून निरोप सेकंदाला एखाद-दोन मीटर जातो, म्हणजे माणसाच्या चालीने. जाड वेष्टणाच्या तंतूतून तो सेकंदाला १२० मीटरपर्यंत जाऊ शकतो. ताशी ४३२ किलोमीटर झाले! आपल्या देशात रुळांवरून धावणारी कोणतीही गाडी त्याच्या निम्म्यानेही पळत नाही.

पण माझं मन रमलं ते हे वेष्टण बनतं कसं, यात. बेटी गेरेन या अमेरिकन बाईंनी १९५४ साली कोंबडीच्या अंड्यातल्या पिलाचे मज्जातंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. मायलिन वरून लिंपलेलं नसतं, तर एक पेशी तंतूला मिठी मारून त्याच्याभोवती आपलाच पदर फिरवत राहते, फेऱ्यावर फेरा घेत, असं त्यांना दिसलं. पुढे कळलं की नवा फेरा बाहेरून चढत नाही, तो आतून, तंतूला लगटून सरकतो. जुने फेरे बाहेर ढकलले जातात. मी हे वाचत होतो तेव्हा आमची ही समोर बसून दिवाळीच्या वाती वळत होती. कापूस विदर्भाचा, हात तिचा. घाई केली की वात सुटते. "काय वाचता एवढं?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "मग पोरीच्या आत बसून कुणीतरी वाती वळतंय म्हणायचं. वळू द्या त्याला."

हे वेष्टण घालणाऱ्या पेशी बिघडल्या तर काय होतं, ते विदर्भाला सांगायला नको. कुष्ठरोगाचा जंतू हातापायांच्या मज्जातंतूंतल्या नेमक्या याच पेशींत घर करतो. लहानपणी आमच्या बाजारात एक चहावाला निखाऱ्यावरची किटली नुसत्या हाताने उचली. मुलांना तो जादूगार वाटे. त्याच्या बोटांवरचे फोड मोठ्यांनाच दिसत. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी या रोगाचे अगदी सुरुवातीचे चट्टे सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासले आणि १९५१ साली ते काम प्रसिद्ध झालं. इकडे वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण १९३६ पासून रोग्यांची सेवा करत होते, आणि १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापली. आनंदवन त्यातून उभं राहिलं. हा जंतूही सावकाशीतला आहे: एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. आज औषधांनी सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होतो. पण वेळ गेल्यावर हरपलेली संवेदना मात्र पुष्कळदा परत येत नाही. तंतू एकटा काय करणार?

मेंदूत हे काम जन्माआधी सुरू होतं आणि फार लांबतं. सगळ्यात शेवटी नंबर लागतो तो कपाळामागच्या भागाचा, जिथे माणूस दोनदा विचार करतो. तिथलं वेष्टण विशी उलटली तरी चालूच असतं. थोरल्याचा मुलगा नुकताच अठरा वर्षांचा झाला. तो हिंगणा रोडवर मोटारसायकल अशी पिटाळतो की त्याच्या बापाचा रक्तदाब वाढतो. त्यालाही मी वेष्टणाचं पुराण ऐकवलं. तो खूश होऊन बापाला म्हणाला, "बघा, माझा दोष नाही, माझं वायंडिंग चालू आहे." किल्ली मात्र त्याच्या आईने काढून घेतली. वायंडिंग होईतो मोटार बंदच ठेवतात, हे तिलाही ठाऊक होतं.

म्हाताऱ्यांनीही निराश व्हायला नको. २०१४ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी मोठ्या उंदरांना वेड्यावाकड्या अंतरावर काड्या असलेलं चाक फिरवायला दिलं. ज्यांच्या मेंदूत वेष्टण घालणाऱ्या नव्या पेशी तयार होऊ दिल्या नव्हत्या, त्यांना ते नीट शिकता आलं नाही, बाकीचे शिकले. म्हणजे मोठेपणीही नवं शिकायला नवे कारागीर लागतात. ते वाचून मी पेटी शिकायला घेतली आहे. घरच्यांना सहन करावं लागतं.

आणि पोरगी? तान्ह्या पोळ्याला तिचा सतरावा महिना चालू होता. अंगणात चाकांचे लाकडी बैल मांडले होते. एकाची दोरी तिच्या हाती दिली, ती खाटेचा पाय धरून उठली, आणि दोरी ताणत चार पावलं टाकून धपकन बसली. बैल मागून येऊन तिच्या पाठीला लागला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सूनबाई तेवढी आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्या रात्री बांगड्या वाजल्या नाहीत.

आता शेजारी एक बाळ आहे, दहा महिन्यांचं. परवा कुणीतरी त्याच्या आईला विचारलं, "अजून रांगत नाही का हो?" आमची ही कुंपणापलीकडून वाती वळता वळता म्हणाली, "डॉक्टरला दाखवून आली ना ती? मग त्याला घाई करू नका. फेरे पडताहेत."