गणपूर्ती

ग्रामसभेचा नियम माहितीये का? मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं जमल्याशिवाय सभा सुरूच होत नाही. साधारण हाच नियम टोमॅटोला मारणारा एक जिवाणू पाळतो. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, ही आपली सोय मात्र त्याच्याकडे नाही :-)

नाव राल्स्टोनिया सोलानासिअरम. त्याची गाठ पडली येडगावला, मामाच्या शेतात. दोन सऱ्यांतल्या झाडांनी माना टाकलेल्या. पानं हिरवीगार, कुकडीचं पाणी भरपूर, तरी झाड सुकलेलं. मामाने एक खोड कापून ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरलं. दोनेक मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धागा खाली उतरायला लागला. तो धागा म्हणजेच जिवाणू, लाखोंनी.

थोडे असतात तेव्हा हे नुसते पोहत फिरतात. प्रत्येक जण एक रसायन किंचित किंचित बाहेर सोडत राहतो. गर्दी वाढली की ते साठतं, आणि एका पातळीपुढे सगळ्यांचा स्विच एकदम पडतो. मग ते चिकट डिंक बनवतात आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबतात.

मला खरी मजा वाटली ती हे रसायन शोधायच्या पद्धतीची. अगदी आपलं डीबगिंग! अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या लोकांनी ते बनवणारं जनुक बिघडवलं. असले जिवाणू मुके. पण धडधाकट जिवाणू नुसते शेजारी ठेवले, स्पर्शसुद्धा नाही, तरी मुके कामाला लागले. म्हणजे निरोप हवेतून जात होता! पुढे १९९७ मध्ये त्याची ओळख पटली: हायड्रॉक्सीपामिटिक आम्लाचं मिथाइल एस्टर. नाव भयंकर आहे, पण पामिटिक आम्ल म्हणजे पामतेलातलंच.

"मग त्यांचं बोलणं बंद करायचं औषध कुठाय?" मामाचा पहिला प्रश्न. हे रसायन तोडणारं एन्झाइम दुसऱ्या एका जिवाणूत सापडलंय, पण ते प्रयोगशाळेत. त्यात २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की याच जिवाणूचे काही वाण दोन कार्बन कमी असलेला निरोप वापरतात. रोग तोच, प्रोटोकॉल वेगळा. एकच जॅमर सगळीकडे चालेल याची खात्री नाही. तोवर उपाय जुनेच: रोगट झाड मुळासकट उपटायचं, पाणी साचू द्यायचं नाही, आणि त्या जागी पुढे वांगी, मिरची, बटाटा न लावता मका घ्यायचा.