डावा दरवाजा

आमच्या मामांची डॉज पिकअप शहापूरच्या घरामागे आंब्याखाली तीस वर्षे उभी होती. उभी होती म्हणणे म्हणजे तिचा मान राखणे झाले. खरे तर ती बसली होती. चाके मातीत रुतलेली, हौद्यात पाला, आणि बॉनेटवर दुपारच्या वेळी घरची मांजर. मामा गेले, गाडी माझ्याकडे आली, आणि पेन्शनीत निघालेल्या माणसाला अवेळी काहीतरी सुचावे तसे मला सुचले, की ही गाडी पुन्हा चालती करावी.

इंजिनची मला धास्ती होती; पण सहा सिलिंडरचे ते साधेसुधे यंत्र आसनगावच्या मिस्त्रींनी दोन महिन्यांत बोलते केले. समोरच्या काचेचीही काळजी मिटली. ती दोन सपाट तुकड्यांची असल्यामुळे शहापूरच्या काचवाल्यानेच कापून दिली. घोडे अडले ते पत्र्याशी. डावा दरवाजा गंजून गळून पडला होता आणि भंगारवाल्याने तो केव्हाच नेला होता.

मी मुंबई पालथी घातली. शेवटी एका दुकानात ‘डॉजचा दरवाजा’ मिळाला. मोठ्या ऐटीत तो टेम्पोत घालून आणला, तर तो चौकटीला लागेचना. मिस्त्री हसले. म्हणाले, “काका, तुम्ही नाव वाचून आणलात. नावाने काही बसत नसतं. बिजागरी मोजायची.” डॉजने १९५४ साली केबिनचा तोंडवळाच बदलला होता, समोरची काच एकसंध आणि वळणदार केली होती. माझा दरवाजा त्या नव्या पिढीचा होता. आडनाव एक, पण घराणे वेगळे!

मग मिस्त्रींनी उजव्या दरवाजावरून पुठ्ठ्याचा एक नमुना कापून दिला. बिजागऱ्यांची भोके, खालची गोलाई, काचेची उंची, सगळे त्यावर सुतासुताने उतरवले, आणि तो उलटा धरायला सांगितला. “फार्गोचा मिळाला तरी चालेल,” हेही बजावले. क्रायस्लर कंपनी एकच ट्रक डॉज आणि फार्गो अशा दोन नावांनी विकत असे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातूनही दोन्ही नावांचे ट्रक बाहेर पडले. नावाची पाटी वेगळी, पत्रा तोच. शिवाय मोठ्या ट्रकची आणि लहान पिकअपची केबिनही एकच. मडगार्ड मात्र पाहून घ्यावे लागते.

तो पुठ्ठा वर्तमानपत्रात गुंडाळून, मुलीची पत्रिका घेऊन हिंडणाऱ्या बापासारखा मी गावोगाव हिंडू लागलो. आणि म्हशाच्या जत्रेत, बैलांच्या बाजारात, एका शेतकऱ्याने सांगितले, की सरळगावच्या पुढे एका वाडीत शेळ्यांच्या गोठ्याला ट्रकचा दरवाजा लावलेला आहे.

दुसऱ्याच दिवशी किन्हवलीवरून सरळगाव गाठले. वाडी सापडली, गोठा सापडला. तांबडा रंग उडालेला, पण पत्रा शाबूत. पुठ्ठा लावून पाहिला, तर भोकावर भोक बसले! मी आनंदाने दरवाजा उघडला, आणि आतल्या बाजूला खिळ्याने ओढलेल्या उभ्या रेघा दिसल्या. पाच-पाचांचे गठ्ठे, रांगेने.

“ह्या कसल्या रेघा, आजी?”

“आमच्या मालकांच्या. ते फार्गोवर डायवर होते. माळशेज चढून माल नेऊन टाकायचा. लिहायला येत नव्हतं, म्हणून एका खेपेला एक रेघ. महिना भरला की शेटशी हिशेब.” मग तळाच्या रांगेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “ह्या सतरा राहिल्या. गाडी मोडीत निघाली, तेव्हा शेट म्हणाला, पैसे नाहीत, दरवाजा घेऊन जा.”

घासाघीस करायच्या तयारीने आलेला मी गप्प झालो.

“दरवाजा द्याल का?” मी कसेबसे विचारले.

“देईन की. आज डायवरला घाटाच्या खेपेला काय देतात?”

मी आकडा सांगितला. खरे सांगायचे तर, जरा हात राखूनच सांगितला. त्यांनी मान डोलावली. सतरा खेपांचे पैसे मी मोजून दिले, आणि शेळ्यांसाठी लाकडी दार करून आणण्याचे कबूल केले.

संध्याकाळी मिस्त्रींना सहज विचारले, तर त्यांनी सांगितलेला आकडा माझ्यापेक्षा बराच मोठा निघाला. त्या रात्री मला झोप लागली नाही. एका शेटने त्या माणसाला बुडवले होते. त्याच सतरा रेघांवर मी दुसऱ्यांदा हात मारून आलो होतो.

आठ दिवसांनी लाकडी दार आणि उरलेले पैसे घेऊन मी पुन्हा वाडीवर गेलो. “आजी, परवा माझा हिशेब चुकला होता,” म्हणालो. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. काही बोलल्या नाहीत. पैसे पदराला बांधले, चुलीजवळून एक खिळा आणला, आणि त्या सतरा रेघांवरून सावकाश एक आडवी रेघ ओढली. मगच म्हणाल्या, “आता न्या.”

दरवाजा बसला. मिस्त्री लांबीचा डबा घेऊन आले. “काका, आतल्या बाजूला फार ओरखडे आहेत. भरून टाकू?”

“बाहेरून भरा,” मी म्हणालो, “आत हिशेब आहे.”

गेल्या दिवाळीत त्या गाडीतून आजींच्या भाताची पोती सरळगावच्या गिरणीत नेली. आजी डाव्या बाजूला बसल्या होत्या. भाडे विचारले, तेव्हा मी नको म्हटले. त्यांनी ते ऐकले नाही. खेप म्हणजे खेप, असे त्यांचे म्हणणे पडले.