शिवेवरची शिवी

आकाराने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा कोणता, हा प्रश्न आमच्या शाळेच्या परीक्षेत हमखास येई, आणि 'अहमदनगर' एवढे एकच उत्तर लिहून ढ मुलगाही एक गुण पदरात पाडून घेई. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. आकार अर्थातच तोच राहिला. आता घर एवढे ऐसपैस म्हटल्यावर घरातली भांडणेही तशीच असायची, आणि ती आवरण्याच्या तऱ्हाही नाना प्रकारच्या. माणसे या जिल्ह्यात साईबाबांसाठी जातात, शनिदेवासाठी जातात, पावसाळ्यात भंडारदऱ्याला जातात. मी गेलो एका ग्रामसभेच्या ठरावासाठी.

नेवासे तालुक्यातले सौंदाळा हे ते गाव. २०११ च्या जनगणनेत तिथे अठराशेच्या आसपास माणसे होती. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस या गावच्या ग्रामसभेने ठरवले, की यापुढे गावात कोणी आईबहिणींवरून शिवी दिली, तर त्याने पाचशे रुपये दंड भरायचा. बातमी वाचून आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत पुष्कळ हशा झाला. एका मित्राने हिशेब मांडून दाखवला, की आपल्या गावी हा ठराव झाला तर वर्षभरात सिमेंटचे रस्ते होतील. मीही हसलो, पण मराठी शिकवणाऱ्या माणसाला भाषेवर बसवलेला कर प्रत्यक्ष पाहिल्यावाचून चैन कुठून पडणार?

नगरहून एस.टी. निघाली, इमामपूरचा घाट मागे पडला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने चौकशी आरंभली.

"मास्तर दिसताय. कुठं निघालात?"

"सौंदाळ्याला."

"पाव्हणे हायेत का तिथं?"

"नाही बाबा. त्यांनी शिव्या बंद केल्यात म्हणे. बघावं म्हटलं."

बाबा डोळे मिटून मनसोक्त हसले. "आवो, शिवी बंद केल्यावर औताचा बैल चालायचा कसा?"

"बैलाला दिलेल्या शिवीला दंड नसावा."

"आन् आता बैल तरी कुठं ऱ्हायलेत म्हना! ट्रॅक्टरला कितीबी द्या, त्याला काय ऐकू येतंय?"

घोडेगाव आले. इथून शनिशिंगणापूरला रस्ता फुटतो. शिंगणापूरची ख्याती वाचकांना ठाऊकच आहे: तिथल्या घरांना दारे नाहीत, चौकटी आहेत. चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही, ही श्रद्धाच तिथे कुलपाचे काम करते. सरकारने मात्र २०१५ साली तिथे पोलीस ठाणे उघडले. गावात शांतता राखण्याची ही एक तऱ्हा झाली, देवाच्या धाकाची. याच शिंगणापुरात शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांना चढू द्यावे की नाही, यावरून वादळ उठले होते. हिंदूंच्या मंदिरात प्रवेशाचा हक्क देणारा १९५६ चा कायदा स्त्रियांनाही लागू आहे, हे उच्च न्यायालयाच्या दरबारात स्पष्ट झाले आणि एप्रिल २०१६ मध्ये चौथरा स्त्रियांना खुला झाला.

दुसरी तऱ्हा जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूला, पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीची. सैन्यातली नोकरी संपवून १९७५ साली गावी परतलेल्या अण्णा हजाऱ्यांनी दारूच्या भट्ट्या बंद करवल्या. सांगूनही जे ऐकेनात, त्यांना खांबाला बांधून फटके देण्यात आले. ही हकीकत अण्णांनी कधी लपवून ठेवली नाही. आई जशी मुलाला मारते तसे ते मारणे, असे समर्थन करणारे पुष्कळ भेटतात. गाव सुधारले यात शंका नाही. पण माणसाला खांबाला बांधलेले चित्र डोळ्यांपुढे आले, की माझ्यासारख्या पांढरपेशाच्या पोटात गोळा येतो. शांतता आली खरी, पण हातात पट्टा घेऊन आली.

सौंदाळ्याची तऱ्हा तिसरी. तिथे देवाला मध्ये घातलेले नाही, फटक्यालाही नाही. दंडाची रक्कम ठरवली आणि हिशेब माणसाच्या खिशावर सोडला.

गाव म्हणाल तर नेवासे तालुक्यातल्या चार गावांसारखे. मुळा धरणाच्या पाण्यावर पोसलेला हिरवा मुलूख, उभा ऊस, गोठ्यांचा वास. ठराव हा काही डोळ्यांनी दिसणारा पदार्थ नव्हे. तो कानांनीच पाहायचा, तोही ऐकू न येणाऱ्या शब्दांवरून. हे गाव २००७ साली तंटामुक्तीचे पारितोषिक मिळवलेले. तंटामुक्त गाव मोहीम त्याच वर्षी राज्यात सुरू झाली होती. म्हणजे गावाला भांडण मिटवण्याची सवय जुनीच. सरपंच शरद आरगडे यांनी हा ठराव मांडताना दिलेले कारण अगदी साधे होते: आईबहिणीवरून शिवी देणारा विसरतो, की तेच शब्द त्याच्या घरातल्या बायकांनाही लागू पडतात.

ठराव झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याची परीक्षा झाली. दोन शेतकरी बांधावरून भांडले आणि दोघांच्याही तोंडून नको ते शब्द गेले. दोघांनाही पाचशे-पाचशे रुपये दंड झाला. बांध म्हणजे शेताची शीव. शिवेवरूनच शिवी निघावी, हा मराठी भाषेचा विनोद म्हणावा की मराठी शेतकऱ्याचे नशीब?

आता कोणी कायदेपंडित विचारील, की शिवीसाठी कायदे काय कमी आहेत? कमी नाहीत. मुंबई पोलीस अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, तो १९५१ चा. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी धमकीचे, शिवीगाळीचे अथवा अपमानाचे शब्द वापरून शांतताभंग करू नये, असे त्याचे ११२ वे कलम बजावते. जुन्या दंडसंहितेचे ५०४ वे कलम, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे ३५२ वे, मुद्दाम अपमान करून समोरच्याला शांतताभंगास चिथावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. शिवराळ बोलणे म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका मालिकेच्या खटल्यात सांगितले आहे. त्यापुढे ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे; गावाच्या भिडेचेच बळ त्याच्यामागे.

पण ही कलमे वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मला ती फार मोलाची वाटली. कायद्याची सगळी काळजी शांतताभंगाची आहे. गणपतरावांनी दामूअण्णांना शिवी दिली, तर कायदा विचारतो, दामूअण्णा चिडून हातघाईवर येण्याजोगे ते शब्द होते काय? भांडण दोन पुरुषांचे, अपमान एका पुरुषाचा, शांतता दोघांमधली. आणि जिचे नाव घेऊन ती शिवी दिली, ती कुठे आहे? ती घरी भाकऱ्या थापते आहे, नाहीतर दोन शेते पलीकडे खुरपते आहे. भांडणाशी तिचा काडीचा संबंध नाही. स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने तिच्या कानी पडावे म्हणून शब्द उच्चारले, तर त्याला निराळे कलम आहे. पण जी तिथे नाहीच आणि जिला कधी कळणारही नाही, तिच्या अपमानाची दाद कोणत्या ठाण्यात लावायची?

सौंदाळ्याच्या ठरावाने नेमके हे केले. दोन पुरुषांच्या भांडणात या न आलेल्या बाईला फिर्यादी म्हणून उभे केले. शिवी ऐकून दामूअण्णा चिडले की हसले, याला तिथे महत्त्व नाही. शब्द निघाला की दंड. म्हणून त्याच ग्रामसभेने नवऱ्याच्या मरणानंतर बाईचे कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र काढायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत आणि शुभकार्यात तिला मानाने बोलवायचे, असेही ठरवले, याचे मला नवल वाटले नाही. ही वाट २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने दाखवली होती. शिवीत बाईचे नाव फुकट वापरायचे आणि हळदीकुंकवात तिला टाळायचे, या एकाच नाण्याच्या दोन बाजू. जिल्ह्याला जिचे नाव नुकतेच मिळाले होते ती चौंडीची अहिल्याबाई नवऱ्यामागे सती न जाता पुढे इंदूरचे राज्य चालवणारी विधवाच होती.

मराठीत शिवीला जागाच नाही, असे माझे म्हणणे नाही. शिमग्याची बोंब आपल्याच संस्कृतीची. सातारा जिल्ह्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका श्रावणात ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. त्याला 'बोरीचा बार' म्हणतात. पण तिथे दिवस ठरलेला, ओढा ठरलेला, आणि शिव्या देणारीही बाईच. बारा महिने चोवीस तास चालणाऱ्या बाराला मात्र आपण सवय म्हणतो.

परतताना नेवाशाला उतरलो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरांनी इथे गीता मराठीत सांगितली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे मानतात, तो पैसाचा खांब आजही तिथे उभा आहे. तेराव्या अध्यायात अहिंसेचे लक्षण सांगताना ज्ञानेश्वर हाताच्या, पायाच्या, दृष्टीच्या अहिंसेबरोबर वाणीच्याही अहिंसेचे वर्णन करतात. वर्गात तो भाग शिकवताना मुले जांभया देतात. पुढच्या वेळी मी त्यांना सौंदाळ्याच्या पाचशे रुपयांची गोष्ट सांगणार आहे. खांब दोन्हीकडे आहे, राळेगणलाही आणि नेवाशालाही. एकाला माणूस बांधला गेला, दुसऱ्याला एक माणूस टेकून बोलला.

दंडाने जिभा कायमच्या सुधारतील, असा माझा दावा नाही. पण वाचकहो, शहरात आपल्या सोसायटीच्या आवारात मोटार उभी करण्यावरून दोन सुशिक्षित गृहस्थ भांडतात, तेव्हा आपण खिडकी लावून घेतो आणि 'मिटले एकदाचे' म्हणून हुश्श करतो. सौंदाळ्याच्या माणसांनी खिडकी लावली नाही. त्यांनी भांडणाऱ्यांना विचारले, की गाडी तुमची, जागा तुमची, राग तुमचा. मग यात आई कोणाची आणली? सोसायटीच्या पुढच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर हा विषय घ्यायला काय हरकत आहे?