अनंताचे फळ

जपानी भाषेत ‘कोनेन्की’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ वयाच्या पालटाचा काळ. गेल्या वर्षी धाकट्या भावाकडे टोकियोस राहण्याचा योग आला, तेव्हा शेजारच्या माझ्याच वयाच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात, पडसे झाल्याचे सांगावे तितक्या सहजतेने, आपली कोनेन्की सुरू असल्याचे सांगितले. भावजय दुभाषाचे काम करीत होती, लाजली तीच! आपल्याकडे ‘पाळी गेली’ म्हणतात. काय गेले ते त्यातून कळते. काय आले, त्याची वाच्यता नाही.

त्यांची मुख्य तक्रार खांदे आखडण्याची होती, अंगातून निघणाऱ्या वाफांची नव्हे. मार्गारेट लॉक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1993 च्या आपल्या ग्रंथात जपानी स्त्रियांविषयी हेच नोंदविले आहे.

त्या कांपो औषध घेत. चीनमधून आलेली ही वनौषधींची पद्धती जपानात स्वतंत्रपणे वाढली. 1895 मध्ये तेथील संसदेने तिच्या वैद्यांना वेगळी सनद नाकारली; पुढे 1976 मध्ये मात्र तिची अनेक औषधे सरकारी आरोग्यविम्यात आली. ती लिहून देतो तो आधुनिक वैद्यक शिकलेला डॉक्टरच. तो जीभ पाहतो, पोट चाचपतो, प्रकृती ठरवितो. कृश, फिकट, थंडी बाधणाऱ्या स्त्रीला तोकि-शाकुयाकु-सान. बांधा दणकट, चेहरा तापलेला आणि पाय गार, तर दालचिनी व पीचच्या बिया असलेले केइशि-बुकुर्यो-गान. झोप नाही, चिडचिड, आज डोके तर उद्या पाठ, अशा स्त्रीला कामि-शोयो-सान. हे तिसरे वर्णन सांगताना भावजय माझ्याकडे पाहून किंचित हसली.

त्या पुडीतल्या दहा वस्तूंत आले, पुदिना, ज्येष्ठमध हे आपले सोयरे निघाले. आणि चक्क अनंताचे फळ! आमच्या इंदूरच्या अंगणातला दुहेरी पाकळ्यांचा अनंत फुलतो, फळत नाही.

मी मात्र ते औषध घेतले नाही. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो, आणि माझा आधीच चढा. अनंताचे फळ वर्षानुवर्षे पोटात गेल्यास आतड्यांच्या शिरा कठीण होण्याचा धोका असतो. शिवाय 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत केइशि-बुकुर्यो-गान वाफांवर खोट्या औषधाहून सरस ठरले नाही. शेजारीणबाईंना गुण येतो. मी वाद घातला नाही.

इंदूरला परतल्यावर खांदे, झोप, उगाच येणारे रडू, सारे डॉक्टरीणबाईंना सांगितले. आणि परवा शहात्तर वर्षांच्या आईला विचारले, “तुला किती दिवस त्रास झाला गं?”

ती म्हणाली, “तुझ्या लग्नापासून तुझ्या धाकट्याच्या बारशापर्यंत. मांडवात घामाने निथळत होते. बायका म्हणाल्या, लेक सासरी चालली म्हणून रडते आहे.”