टिकतं किती, निघतं कसं

भाचीच्या लग्नाला तीन दिवस असताना तिचं फर्मान आलं. "आत्या, तू माझ्याबरोबर नखं करायला येते आहेस. नाही म्हणायचं नाही." नखं करायला! आमच्या वेळी नखं कापायची असत, करायची नसत. पण नवरीचा शब्द कोण मोडणार? गेले. गेल्या डिसेंबरातली (२०२५) ही गोष्ट.

तिथल्या मुलीने हॉटेलातल्यासारखं एक कार्डच समोर ठेवलं. जेल, डिप, अ‍ॅक्रिलिक. मला आयुष्यभर एकच प्रकार माहीत. बाटली उघडा, लावा, फुंकर मारा आणि चौथ्या दिवशी भांडी घासताना टवका उडाला की हळहळा. हे साधं नेलपॉलिश वाळतं म्हणजे त्यातलं द्रावण उडून जातं आणि रंगाचा पापुद्रा मागे राहतो. जेल असं वाळतच नाही. दिव्याखाली हात धरला की त्या किरणांनी त्यातले रेणू एकमेकांत गुंततात आणि थर कडक होतो. दातात सिमेंट भरल्यावर डॉक्टर निळा दिवा धरतात ना, जातकुळी तीच. दोन-तीन आठवडे चमक जात नाही.

डिपला दिवा लागत नाही. नखावर एक चिकट थर द्यायचा आणि बोट रंगाच्या पुडीत बुडवायचं. तो चिकट पदार्थ फेविक्विकच्याच घराण्यातला, सायनोअ‍ॅक्रिलेट. (सगळ्या गिऱ्हाइकांची बोटं एकाच डबीत बुडवत असतील तर मी तरी उठून घरी येईन.) अ‍ॅक्रिलिक म्हणजे पूड आणि द्रव कालवून नखावर चढवलेला गिलावा. नख हवं तेवढं लांब करता येतं, पण मुळाशी नवं नख वाढलं की दर दोन-तीन आठवड्यांनी ती फट बुजवायला परत जायचं. एवढ्या लांब नखांनी कणीक कशी मळतात, हा माझा प्रश्न तिथे कुणाला कळलाच नाही :)

मी जेल घेतलं. वाइन रंग. खोटं कशाला बोलू, अक्षता टाकतानाही माझं लक्ष माझ्याच बोटांकडे होतं.

आदल्या संध्याकाळी मेंदीवाली आली होती. तिने आग्रह करून आईच्याही तळहातावर एक छोटा चंद्र काढला. आई एवढंच म्हणाली, "नखांना लागू देऊ नको हो बाई." मला वाटलं, आवडत नसेल.

तर पुढची कथा. तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याच्या जेलची कड जरा उचलली गेली. "काढायला इकडेच या" असं त्या मुलीने बजावलं होतं. पण काढायचे वेगळे पैसे! मी टीव्ही बघता बघता ती कड नखाने उचकटली. दुधावरची साय निघावी तसा अख्खा रंग निघून हातात आला. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! एकामागून एक दहाही सोलली. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलं तर रंगाबरोबर नखाचाही पदर गेलेला. पांढरे खरखरीत डाग, नखं कागदासारखी वाकणारी. चहाचा कप धरला तरी चटका, लिंबू पिळलं तरी झोंबायचं.

खरी रीत अशी: वरची चकाकी कानशीने हलकेच घासायची, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वर फॉइल गुंडाळायची, दहा-पंधरा मिनिटं गप्प बसायचं आणि सुटलेला रंग लाकडी काडीने हळूच ढकलायचा. नाही सुटला तर पुन्हा गुंडाळायचं, खरवडायचं नाही. डिप आणि अ‍ॅक्रिलिकला आणखी वेळ लागतो. हे मी नंतर वाचलं, अर्थातच. त्या कार्डावर प्रत्येक प्रकार किती दिवस टिकतो ते ठळक छापलं होतं. निघतो कसा, याबद्दल एक अक्षर नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

वाचता वाचता आणखीही कळलं. कच्चं जेल कातडीला वारंवार लागलं तर कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते, आणि मग दातांच्या सिमेंटचाही त्रास होऊ शकतो. म्हणून घरी दिवा आणून स्वतःच जेल लावणाऱ्यांनी जरा जपावं. जेल घट्ट करणारं टीपीओ नावाचं एक रसायन युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदच केलं आहे.

सध्या मी रात्री खोबरेल चोळते आणि भांड्यांना हातमोजे घालते. तेलाने गेलेला पदर भरून येत नाही, कारण नख हे मेलेलंच असतं. तेलाने ते आणखी चिरफाळत नाही, एवढंच. नवं नख मुळातून येतं, महिन्याला साधारण ३ मिलिमीटर. म्हणजे सगळं बदलायला पाच-सहा महिने.

रविवारी आईची नखं मी कापते. तिच्या हाताला आता कंप आहे. परवा तिनेच माझा अंगठा धरला आणि उजेडाकडे फिरवला. "सोललंस होय? माझीही निघता निघता दिवाळी आली होती."

मला क्षणभर कळेना. मग आठवलं.

दादाचं लग्न मे १९९४ मधलं. वरमाय म्हणून आईचे हात मेंदीने भरले होते, नखांसकट. जुलैत बाबा गेले. हातांवरची मेंदी केव्हाच उतरली होती, नखांवरची राहिली. तो रंग नखात मुरतो, ॲसिटोनलाही दाद देत नाही. नख वाढेल तसा पुढे सरकतो आणि कापला जातो, बस. तेव्हा आईची नखं खाली कोरी आणि वर लाल अशी अर्धी-अर्धी झाली होती. भेटायला येणाऱ्या बायकांची नजर नेमकी तिथेच जायची. एकीने लिंबू चोळायला सांगितलं, दुसरीने तर ब्लेडने खरवड म्हणून सुचवलं. आई हात पदराखाली घेऊन बसायची. मी एकोणीस वर्षांची होते. तिला लाज वाटते असं समजून त्या बायकांवर मनातल्या मनात चिडायचे. बोलले मात्र काही नाही.

"तुला किती लाजवलं गं त्यांनी," मी आज म्हटलं.

"लाज कसली? कुणी धरून खरवडतील म्हणून लपवत होते." आई थांबली. "यांनी बघितला होता तो रंग. चांगला चढलाय म्हणाले होते."

नेलकटर माझ्या हातात तसाच राहिला.

"मग आता नखांना नको का म्हणालीस?"

"परत सहा महिने कोण बघत बसणार?" असं म्हणून तिने दुसरा हात पुढे केला. "करंगळी राहिली बघ. आणि फार खोल नको कापू, मागच्या वेळी दुखलं."